साहित्याची निवड कोणत्या क्रमाने करावी: बांधकाम आणि अंतर्गत सजावटीसाठी सविस्तर मार्गदर्शक

संगमरवर चांगला की ग्रॅनाइट, प्लायवूड घ्यावे की एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली पाटी), विटांची भिंत बरी की हलक्या ब्लॉकची, या प्रश्नांना एकच एक उत्तर देता येत नाही, कारण त्यांत जागेचा उल्लेखच नसतो. बैठकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहणारा संगमरवर स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवला, तर लिंबाच्या रसाच्या काही थेंबांनी त्याची चमक जाते. दगड तोच असतो, त्याच्यावर येणारा प्रसंग वेगळा असतो. म्हणून साहित्यांना सरसकट गुण देण्यापेक्षा निवडीचा क्रम नीट ठरवणे अधिक उपयोगाचे आहे, आणि तोच येथे मांडला आहे. नवी इमारत असो की एका खोलीचे नूतनीकरण, क्रम फारसा बदलत नाही.

पायरी १: जागेच्या अटी आधी लिहून काढाव्यात

नमुने पाहायला जाण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा एक कागद करावा आणि त्यावर जमीन, भिंती, छत, ओटे आणि दारे-खिडक्या यांच्यापुढे काय काय सोसावे लागणार आहे ते लिहावे. पाणी, ऊन, उष्णता, घर्षण, वजन आणि स्वच्छतेसाठी वापरली जाणारी रसायने, एवढ्या नोंदी पुरतात. मात्र ‘पाणी’ एवढाच शब्द लिहून थांबू नये. अंगावर उडणारे पाणी, साचून राहणारे पाणी, जमिनीतून भिंतीत वर चढणारी ओल आणि थंड पृष्ठभागावर जमणारी वाफ हे चार वेगळे त्रास आहेत आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. उडणाऱ्या पाण्याला धुता येणारा रंग पुरतो. साचणाऱ्या पाण्याला उतार आणि जलरोधक थर लागतो. जमिनीतून चढणाऱ्या ओलीवर वरून कितीही महाग रंग लावला तरी त्याचे पोपडे निघतात, कारण पाणी रंगाच्या मागून येत असते. वाफेसाठी तर साहित्य बदलण्याआधी हवा खेळती करावी लागते.

उन्हाचेही तसेच आहे. दिवसाचे काही तास थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर रेझिन (राळेसारखा कृत्रिम चिकट पदार्थ) असलेला कृत्रिम दगड पिवळसर पडू शकतो, गडद लॅमिनेट फिके होते आणि साधे पीव्हीसी ठिसूळ बनते. त्याच कागदावर खोली कोण वापरणार हेही लिहावे. वृद्ध माणसे, लहान मुले किंवा पाळीव जनावरे असतील, तर घसरण, टोकदार कडा आणि ओरखडे यांना दिसण्यापेक्षा जास्त महत्त्व येते.

पायरी २: जे नंतर बदलणे अवघड, ते आधी ठरवावे

इमारतीचे घटक वेगवेगळ्या वेगाने जुने होतात. सांगाडा कित्येक दशके टिकायला हवा, नळ आणि विजेच्या तारा काही दशकांनी बदलाव्या लागतात, कपाटे त्याआधी आणि रंग तर काही वर्षांतच. असे असूनही खरेदीच्या वेळी सगळे लक्ष शेवटच्या घटकांवर असते, कारण डोळ्यांना तेच दिसतात. पैसे कमी पडू लागले की कात्री जलरोधक थरावर, गिलाव्याखालच्या जाळीवर आणि भिंतीत गाडल्या जाणाऱ्या नळांवर चालते. हे नेमके उलटे आहे. स्वस्त रंग पुढच्या खेपेला बदलता येतो, पण फरशीखाली गळणारा नळ दुरुस्त करायचा तर चांगली फरशीही फोडावी लागते. म्हणून अंदाजपत्रक करताना झाकल्या जाणाऱ्या गोष्टींची रक्कम आधी बाजूला काढावी आणि उरलेल्या रकमेत वरची सजावट बसवावी.

पायरी ३: सांगाडा आणि भिंती

काँक्रीटच्या बाबतीत सिमेंटच्या नाममुद्रेवर जेवढी चर्चा होते, त्याच्या निम्मीही पाण्यावर होत नाही. मिश्रणातील पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद अवलंबून असते, हे अमेरिकन संशोधक डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये मांडले आणि ते आजही खरे आहे. कामाच्या सोयीसाठी जादा ओतलेले पाणी नंतर उडून जाते आणि मागे छिद्रे ठेवते. त्या छिद्रांतून ओल सळयांपर्यंत पोहोचते, सळया गंजून फुगतात आणि काँक्रीटचे कपचे निघतात. म्हणून सिमेंट निवडताना पोत्यावरची उत्पादनाची तारीख पाहावी, तीन महिन्यांपेक्षा जुनी पोती शक्यतो टाळावीत आणि मिश्रणात किती पाणी घालायचे हे आधीच लेखी ठरवावे.

भिंतीसाठी भाजलेली वीट, काँक्रीटचा भरीव ब्लॉक की सच्छिद्र हलका ब्लॉक, हा निर्णय वजन, उष्णता आणि आवाज या तीन बाजूंनी घ्यावा लागतो. हलक्या ब्लॉकची घनता दर घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो असते आणि विटांची त्याच्या सुमारे तिप्पट. त्यामुळे बहुमजली इमारतीत सांगाड्यावरचा भार बराच कमी होतो, आणि ब्लॉकमध्ये अडकलेल्या हवेमुळे बाहेरची उष्णताही आत कमी येते. पण आवाज अडवायला वस्तुमान लागते आणि तिथे हलकी भिंत मागे पडते. शेजारच्या घराशी सामाईक भिंत असेल किंवा दोन झोपायच्या खोल्यांमधली भिंत असेल, तर जड भिंत घेणे किंवा मधे पोकळी ठेवून तंतुमय लोकर भरणे योग्य ठरते. हलक्या ब्लॉकमध्ये साधा खिळा किंवा स्क्रू नीट धरत नाही, म्हणून जड कपाटे आणि पाण्याचे हीटर कुठे टांगायचे ते आधी ठरवून तिथे वेगळे पट्टे किंवा खास अँकर योजावेत. काँक्रीटचा खांब आणि ब्लॉकची भिंत जिथे भेटतात, तिथे गिलाव्यात जाळी न घातल्यास उभी चीर जवळजवळ ठरलेलीच असते.

जुन्या इमारतीत काम असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. मऊ दगड किंवा वीट आणि चुना यांनी बांधलेल्या भिंती ओल शोषतात आणि पुन्हा हवेत सोडतात. अशा भिंतीला कडक सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकसारखा रंग लावला की ओल आतच कोंडते, क्षार साचून लोणा लागतो आणि शेवटी नवा गिलावा जुन्या दगडाचा पापुद्रा घेऊन सुटतो. जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि वाफ जाऊ देणारा रंग द्यावा. यात जुन्याचा हव्यास नाही. मूळ भिंतीपेक्षा वरचा थर कमकुवत आणि अधिक सच्छिद्र असावा, एवढाच त्यामागचा हिशेब आहे.

पायरी ४: ओल्या जागा

न्हाणीघर, गच्ची आणि बाल्कनी येथे एक गैरसमज सर्वाधिक नुकसान करतो, तो म्हणजे फरशी पाणी अडवते हा. फरशी पाणी अडवत असली तरी तिच्यामधले सांधे अडवत नाहीत. पाणी अडवण्याचे काम फरशीखालच्या जलरोधक थराचे असते आणि फरशी ही त्या थराचे संरक्षण करणारी वरची कातडी असते. हा थर जमिनीवरून भिंतीवर चढवलेला असावा, नळांच्या भोवती आणि कोपऱ्यांत त्याला पट्टी असावी, आणि फरशी बसवण्यापूर्वी निचरा बंद करून किमान एक पूर्ण दिवस पाणी साठवून खालच्या छताची पाहणी करावी. जमिनीला निचऱ्याकडे दर मीटरला साधारण १० ते २० मिलीमीटर उतार लागतो. फरशी जितकी मोठी, तितका चहूबाजूंनी उतार देणे अवघड होते, म्हणून शॉवरखाली लहान फरशी किंवा एकाच दिशेच्या उताराची लांब जाळी निवडावी.

त्यानंतर फरशीची पाणी शोषण्याची क्षमता पाहावी. पोर्सलेन म्हणून विकल्या जाणाऱ्या फरशीचे शोषण ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असते, तर भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलचे १० टक्क्यांहून अधिक असू शकते. भिंतीवर हे चालते, भिजणाऱ्या जमिनीवर चालत नाही. पण कमी शोषणाची एक अडचण गवंड्याच्या बाजूने येते. अशी फरशी सिमेंटचे पाणी ओढून घेत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती नीट चिकटत नाही आणि पुढे पोकळ वाजू लागते. तिच्यासाठी पॉलिमरयुक्त चिकटद्रव्य लागते आणि ते दातेरी थापीने पूर्ण मागच्या बाजूला पोहोचलेले असावे लागते. चार ठिपके लावून दाबलेली फरशी उचलून टाकायला सांगावे.

घसरण मोजण्यासाठी आर ९ ते आर १३ अशी श्रेणी वापरली जाते. तेल लावलेल्या उतारावर बूट घातलेला माणूस किती कोनापर्यंत उभा राहू शकतो, यावरून ती ठरते, आणि अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी चाचणी असते. म्हणजे शॉवरखालच्या जागेसाठी अक्षर पाहायचे आणि पायऱ्या, व्यावसायिक स्वयंपाकघर किंवा उघडा व्हरांडा यासाठी आकडा. आकडा जितका मोठा, तितका पृष्ठभाग खरखरीत आणि पुसायला कष्टाचा, हेही लक्षात ठेवावे. बैठकीच्या खोलीत आर १२ घेण्यात काहीच शहाणपण नाही.

पायरी ५: पायाखालचा आणि हाताखालचा पृष्ठभाग

घराच्या जमिनीचा खरा शत्रू चपलांबरोबर आत येणारी वाळू हा आहे. वाळूतील क्वार्ट्झची कठिणता १ ते १० अशा मोह्स मापावर ७ असते, संगमरवरातील कॅल्साइटची ३ आणि ग्रॅनाइटची साधारण ६ ते ७. त्यामुळे प्रवेशद्वाराजवळच्या संगमरवराची चकाकी आधी जाते. तो हवाच असेल तर खोलगट, रुंद पायपुसणे आणि काही वर्षांनी पुन्हा घासून पॉलिश करण्याची तयारी असावी. झिलई दिलेल्या फरशीसाठी झिजेची ० ते ५ अशी पीईआय श्रेणी असते. झोपायच्या खोलीत खालची श्रेणी चालते, पण वर्दळीच्या मार्गिकेसाठी ४ किंवा ५ पाहावी.

ओट्यासाठी नमुन्याचा तुकडा मागून घेऊन घरीच चाचणी घ्यावी. त्यावर लिंबाचा रस, तेल, हळदीचे पाणी आणि काळा चहा यांचे थेंब रात्रभर ठेवावेत, सकाळी पुसून तिरप्या प्रकाशात पाहावे, मग गरम भांडे ठेवून पाहावे. रस्त्यावरच्या जाहिरातीपेक्षा या एका रात्रीतून जास्त कळते. ग्रॅनाइट उष्णता सहज सोसतो, पण त्याला अधूनमधून सीलर, म्हणजे छिद्रे बुजवणारे द्रव्य, लावावे लागते. कारखान्यात क्वार्ट्झची भुकटी आणि रेझिन एकत्र करून बनवलेला दगड डाग पकडत नाही, मात्र रेझिनमुळे थेट चुलीवरून उतरवलेले भांडे त्याला मानवत नाही. या दगडाची आणखी एक बाजू खरेदीदाराला सहसा सांगितली जात नाही. त्यातील सिलिकाचे प्रमाण फार जास्त असल्याने तो कोरडा कापताना उडणारी धूळ श्वासात जाऊन कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य आजार होऊ शकतो, आणि याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या ओट्यांवर आणि पाट्यांवर बंदी घातली. ज्या ठिकाणी तो विकला जातो तिथेही तो राहत्या घरात कोरडा कापू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अचूक मापे देऊन पाण्याखाली कापलेला तुकडाच मागवावा.

पायरी ६: लाकूड आणि पाट्या

लाकूड कापल्यानंतरही हवेतील ओलाव्याबरोबर फुगते आणि आकसते. लांबीत हा बदल नगण्य असतो, रुंदीत तो जाणवतो, आणि वार्षिक वलयांच्या दिशेने तो त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतो. १५० मिलीमीटर रुंद पट्टीत ऋतूनुसार दीड मिलीमीटरचा फरक पडला, तर अशा २० पट्ट्यांच्या जमिनीत तो ३० मिलीमीटर होतो. म्हणूनच लाकडी जमिनीला भिंतीलगत मोकळी फट लागते आणि ती झाकायला कडेची पट्टी असते. घरातील वापरासाठी लाकडातील ओलावा साधारण ८ ते १२ टक्के असावा, आणि तो विक्रेत्याच्या शब्दावर न ठरवता मीटर टोचून पाहावा. आणलेले लाकूड बसवण्यापूर्वी काही दिवस त्याच खोलीत ठेवावे. खालचे काँक्रीटही कोरडे असायला हवे. अर्धा मीटर चौरस जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने जमिनीवर बंद करून एक दिवस ठेवावे, आणि आतून थेंब दिसले किंवा खालचा भाग काळसर झाला, तर लाकूड बसवण्याची वेळ आलेली नाही असे समजावे.

पाट्यांमध्ये प्लायवूड, ब्लॉकबोर्ड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांची तुलना करताना त्यांना जोडणाऱ्या गोंदाकडे पाहावे. युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद ओलाव्यात आणि उष्णतेत हळूहळू सुटतो, फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा उकळत्या पाण्यातही टिकतो. सिंकखालच्या कपाटासाठी दुसऱ्या प्रकारचे प्लायवूड घ्यावे आणि त्याचा लहान तुकडा काही तास उकळून थर सुटतात का ते पाहावे. रंगवलेल्या, कोरीव दारांसाठी एमडीएफचा पृष्ठभाग प्लायवूडपेक्षा सरस असतो, पण त्याच्या कडेत स्क्रू कमी धरतो आणि पाणी लागले की फुगलेली कड पुन्हा बसत नाही. कोणतीही पाटी असो, पाणी शिरते ते कडेतून. त्यामुळे दर्शनी बाजूला महाग लॅमिनेट आणि मागची-खालची कड उघडी, हा प्रकार सुताराकडून खपवून घेऊ नये. लॅमिनेट एकाच बाजूला लावल्यास दार वाकते, म्हणून आतल्या बाजूलाही तेवढ्याच ताणाचा थर द्यावा.

या गोंदांतून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तो माणसांत कर्करोग घडवणारा असल्याचे ठरवले. झोपायच्या खोलीतील फर्निचरसाठी ई १ (या वायूच्या उत्सर्जनाची एक युरोपीय श्रेणी) किंवा त्याहून कमी उत्सर्जनाच्या पाट्या मागाव्यात, सर्व कडा बंद कराव्यात आणि नवे फर्निचर आल्यावर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

पायरी ७: आग

१४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसे मृत्युमुखी पडली. बाहेरच्या आवरणातील ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये पॉलिइथिलीन या ज्वलनशील प्लास्टिकचा थर होता आणि आग त्यावरून वर चढली. पत्रा जळत नाही म्हणून पाटी जळणार नाही, असे मानता येत नाही. त्यामुळे आवरण, कृत्रिम छत, उष्णतारोधक थर आणि ध्वनिशोषक फोम यांसाठी अग्निचाचणीचा दाखला मागताना तो सुट्या पदार्थाचा आहे की प्रत्यक्ष बसवल्या जाणाऱ्या संपूर्ण रचनेचा, हे विचारावे. बाहेर पडण्याच्या वाटेवर, म्हणजे जिना आणि मार्गिकेत, सजावटीसाठीही फोम किंवा पातळ लाकडी पट्ट्या लावू नयेत.

पायरी ८: दोन साहित्ये जिथे भेटतात

बहुतेक बिघाड साहित्याच्या मध्यात न होता कडेला होतात, आणि या पायरीवर सर्वांत कमी वेळ दिला जातो. तापमानात ४० अंश सेल्सिअसचा फरक पडला, तर ३ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी पावणेतीन मिलीमीटरच्या आसपास लांबते, तेवढीच काच सुमारे एक मिलीमीटर, आणि पीव्हीसीची पट्टी सात-आठ मिलीमीटर. ही सगळी एकाच खिडकीत असतात. त्यांच्यामधली फट सिमेंटने भरली तर ती फुटणारच, तिथे लवचिक सीलंट, म्हणजे फट बुजवणारे रबरासारखे द्रव्य, हवे. सीलंटही पाहून घ्यावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन संगमरवराला आणि आरशाच्या मागच्या लेपाला खाते, तिथे न्यूट्रल, म्हणजे आम्ल न सोडणाऱ्या, प्रकारचे वापरावे. फरशीच्या मोठ्या सलग जमिनीतही साधारण दर ८ मीटरवर लवचिक सांधा ठेवावा, नाहीतर एखाद्या उन्हाळ्यात मधल्या फरश्या तंबूसारख्या उचलल्या जातात.

धातूंची संगतही तपासावी. ओलाव्यात तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजते, आणि तांब्याच्या नळातून पाणी पुढे जस्तलेपित नळात गेले की त्या नळाला खड्डे पडतात. समुद्रालगत स्टेनलेस स्टील घ्यायचे तर ३०४ ऐवजी ३१६ श्रेणीचे घ्यावे, कारण त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो आणि खाऱ्या हवेतील गंजाच्या ठिपक्यांना ते अधिक तोंड देते.

काचेबद्दल थोडक्यात. टफन काच, म्हणजे भट्टीत तापवून झटकन थंड केलेली काच, साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते, पण भट्टीनंतर ती कापता किंवा भोक पाडता येत नाही, आणि फुटली की पूर्ण कोसळते. कठड्याला आणि डोक्यावरच्या छताला लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) लावावी, ती फुटली तरी मधल्या थराला चिकटून राहते.

पायरी ९: रंग, प्रकाश आणि नमुना

दुकानातील दिव्याखाली जुळलेले दोन रंग घरच्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात. किमान अर्धा मीटर चौरस नमुना त्याच खोलीत, ज्या पृष्ठभागासाठी आहे त्याच स्थितीत, म्हणजे भिंतीचा उभा आणि जमिनीचा आडवा ठेवून, सकाळी, दुपारी आणि रात्री पाहावा. अंधाऱ्या खोलीत रंगाच्या पत्रकावरील प्रकाश परावर्तनाचा आकडा पाहिला तर निवड सोपी होते. तो ० ते १०० मध्ये असतो आणि छतासाठी ८० च्या पुढचा उत्तम. चकचकीत रंग धुवायला सोपा असला तरी गिलाव्यातील प्रत्येक उंचसखलपणा उघडा पाडतो, त्यामुळे गवंड्याचे काम पाहूनच चमक ठरवावी. नव्या गिलाव्याला वाळायला पुरेसे आठवडे दिल्याशिवाय रंग लावू नये.

पायरी १०: मागणी, पडताळणी आणि नोंद

मागणीपत्रात केवळ नाव न लिहिता जाडी, श्रेणी, छटा आणि चाचणीची अट लिहावी, आणि ‘किंवा तत्सम’ हे शब्द खोडावेत, कारण त्या दोन शब्दांच्या आडून बराच हलका माल घरात येतो. सरळ मांडणीसाठी फरशी मोजमापापेक्षा ५ ते १० टक्के, तिरक्या मांडणीसाठी १५ टक्क्यांपर्यंत जास्त घ्यावी. सर्व खोक्यांवरचा बॅच, छटा आणि आकाराचा क्रमांक एकच आहे का, हे गाडी परत जाण्यापूर्वी पाहावे. दगडाच्या पाट्या खाणीतून निघालेल्या क्रमाने आडव्या मांडून मग कापायला द्याव्यात. काम संपल्यावर उरलेली काही खोकी, रंगाच्या डब्यावरील छटेचा क्रमांक, सीलंट आणि चिकटद्रव्यांची नावे, तसेच भिंती झाकण्यापूर्वी काढलेली नळांची आणि तारांची मोजपट्टीसह छायाचित्रे एका फायलीत ठेवावीत. त्या फायलीची एक प्रत घरात, एक प्रत देखभाल करणाऱ्याकडे असावी, आणि दुरुस्तीच्या वेळी नवा कारागीर आला की छिन्नी उचलण्याआधी ती त्याच्या हातात द्यावी.